सहाव्या डोळ्याचं नाव

सिद्धेश्वरकरीण म्हटलं की अख्खं सेनगाव ओळखतं. पण तिचं खरं नाव विचारा बरं कुणाला! डोकं खाजवतील. आमच्याकडं सून आली की तिच्या माहेरच्या गावावरून हाक पडते आणि मग तीच चिकटते. ही बाई सिद्धेश्वरच्या धरणाकाठची, भोयाची लेक. लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती, आता साठीला टेकली. सासू, जावा, शेजारणी, रेशनवाला, सगळ्यांची ती सिद्धेश्वरकरीण. नवऱ्यानं तर जन्मभर "अगं ए" वर काम भागवलं.

मी ऐश्वर्या. सेनगावचीच, पण हिंगोलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. प्रिंटर, हजेरीची मशीनं, काय येईल ते. माझं तोंड जरा तिखट आहे आणि मला माझ्या कामाची लई घमेंड होती. होती म्हणते, कारण पुढं सांगते ते घडल्यापासून ती उतरली.

सेनगावच्या सोयाबीन गिरणीत ही बाई पंचवीस वर्षं निवडायला होती. सहा बायकांची ओळ. पेमा, चांगुणा, पद्माबाई, शिला, पार्वतीबाई आणि सगळ्यात शेवटी भिंतीकडंला ही. समोर सूप, सुपात सोयाबीन, त्यातून खडा, माती आणि धोतऱ्याचं बी काढायचं. खड्यानं फार तर दात दुखतो. धोत्रा म्हणजे विष. शेतात सोयाबीनबरोबरच उगवतो, मळणीत बोंडं फुटतात आणि बी मालात मिसळतं. चपटं, तपकिरी, मसुराहून बारीक. लहानपणी आमच्या गल्लीतल्या एका लेकरानं बोंड चावलं होतं. डोळे ताठ, तोंड कोरडं, तीन दिवस पोरगं भिंतीशी बोलत होतं. वाचलं बिचारं. पण त्याच्या मायचं ते ओरडणं माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. आणि या गिरणीचं सोयाबीन जातं कुठं, तर पुसेगावच्या चक्कीवर. तिथं त्याचं पीठ होतं, आणि ते पीठ आसपासच्या अंगणवाड्यांत सुकडीला.

दोन वर्षांपूर्वी गिरणीचे मॅनेजर शंकरसिंग यांनी भंगारातून परदेशी सॉर्टर उचलून आणला. सहा घसरगुंड्या, त्यावरून दाणे खाली येतात, प्रत्येकीवर एक कॅमेरा आणि प्रत्येकीखाली वेगळं पोतं. वाईट दाणा दिसला की हवेचा फुत्कार मारून त्याला बाजूला उडवतो. आत जुना कॉम्प्युटर, आणि त्याची गंमत अशी की एक मोठा प्रोसेसर आणि त्याच्या हाताखाली सहा छोटे, खास हिशेबाच्या कामाचे, एकेका घसरगुंडीला एकेक. कुणीच त्याला हात लावेना. मी लावला. महिनाभर जुनी पानं वाचली, शिव्या घातल्या, रडले आणि चालू केला.

त्या सहा छोट्यांना काम द्यायचं तर सिस्टीमला आधी एक हाक द्यावी लागते. एसपीयू-क्रिएट म्हणतात तिला. मुकादम ओळीत जागा आखून देतो ना, "ही तुझी जागा, हे तुझं सूप", तसंच. जागेला एक नाव द्यायचं, त्या नावाचा एक फोल्डर तयार होतो आणि त्या छोट्याचं सगळं त्यात राहतं. काम अजून सुरू झालेलं नसतं, त्याला दुसरी हाक आहे. आधी नुसती जागा. हाक दिली की सिस्टीम उत्तर देते, झालं किंवा नाही झालं. ते उत्तर ऐकायचं असतं, एवढं पहिल्या दिवशी शिकवतात.

मशीन आलं तेव्हा ओळ उठली. बायकांना शंकरसिंगांनी काढलं नाही, एवढं त्यांचं मोठेपण. कुणी झाडायला, कुणी पोती सावरायला, आणि सिद्धेश्वरकरीण पोत्यांची तोंडं शिवायला. दाभण आणि सुतळी घेऊन ती मशीनच्या तोंडाशी बसायची. शिवायच्या आधी हात आपोआप पोत्यात जायचा, मूठभर दाणे तळहातावर घोळवायचे आणि मग टाका. मला ते बघून राग यायचा. मी एवढं राबून डोळा बसवला आणि ही बाई त्याच्यावर इसवास ठेवीना!

"मावशी, हात घालायचा नाही आता," मी एकदा सरळ दटावलं. "मशीन बघतं ना. वेळ जातो तुमचा."

"बरं माय," ती म्हणाली. तिनं हात आवरला. पण बोटं मांडीवर चाळवत राहिली ते मी पाहिलं होतं.

कदाचित तेच माझ्या मनाला लागलं असेल. एका सोमवारी दुपारी मी मशीन साफ करायला गेले होते, बायका चहाला बसल्या होत्या. मला वाटलं, यांच्या जागा मशीननं घेतल्या, निदान नावं तरी यांची राहू देत. एक, दोन, तीन असे आकडे होते, ते काढून एकेका घसरगुंडीला एकेकीचं नाव द्यायला बसले. पेमा, चांगुणा, पद्मा, शिला, पार्वती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सहाव्या जागी आले.

"मावशी, तुमचं नाव काय? खरं नाव."

ती इकडंतिकडं बघून, चोरी केल्यासारखं, म्हणाली, "पार्वती."

"अगं बया!" पार्वतीबाई ओरडली. ही माहेरीच राहिलेली, त्यामुळं हिला गाव नावानंच हाक मारतं. "पंचवीस वर्षं शेजारी बसली अन् माझंच नाव लपवून ठेवलं व्हय गं?"

केवढ्या हसल्या सगळ्या! सिद्धेश्वरकरीण लाजून पार लाल झाली. मीही हसले आणि सहाव्या जागी लिहिलं, पार्वती. माणसांच्या ओळीत दोन पार्वत्या बसल्या तर काय बिघडतं? वर्गात एकाच नावाच्या दोघी असल्या तरी मास्तर हजेरी घेतोच की. बाहेर हिंगोलीची बस हॉर्न देत होती. मी एक नंबरच्या घसरगुंडीत मूठभर धोत्रा टाकून पाहिला, उडाला, म्हटलं झकास. उरलेल्या पाच तपासल्या नाहीत. पळत बस पकडली.

बुधवारी सकाळी दहाला पेमाचा फोन आला, पण बोलत होती सिद्धेश्वरकरीण.

"माय, रागावू नगं. म्या हात घातला."

"कशात?"

"पोत्यात. माझ्या घसरगुंडीच्या. तू नगं म्हणली व्हती, पण न्हाई राहवलं. माय, धोत्रा येऊन राहिला. एका मुठीत तीन बिया."

माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. "मशीन बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"बंद करायला लावलं. पण काल दिसभर चालू व्हतं ना. कालचा माल तर सकाळीच बालाजीनं टेंपोत टाकून पुसेगावला नेला."

मी दुकानातूनच मशीनला जोडून पाहिलं. फोल्डर मोजले. पेमा, चांगुणा, पद्मा, शिला, पार्वती. पाच. पुन्हा मोजले. पाचच. आणि वर नोंदीत, मंगळवारी सकाळी मशीन चालू झालं त्या वेळची ओळ जशीच्या तशी पडली होती: या नावाची जागा आधीच आहे. सिस्टीमनं नाही म्हणून सांगितलं होतं. माझ्या प्रोग्रामनं ते ऐकूनच घेतलं नव्हतं, कारण ऐकायची ओळ मी लिहिलीच नव्हती. सहाव्या घसरगुंडीवरचा दिवा वेगळ्या तारेवर, तो आपला कालपासून हिरवागार जळत राहिला असणार. दाणे येत होते, जात होते, बघणारं कुणी नव्हतं.

मी काय करून बसले? लेकरांच्या ताटात जाणार ते!

पुसेगावच्या चक्कीवाल्या तातेरावांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलेनात. चक्की चालू असली की त्यांना ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नाही. बालाजीचा फोन बंद. शंकरसिंगांना लावला तर ते म्हणाले, "मैं निकल रहा हूँ, सिद्धेश्वरकरणीला गाडीवर घेऊन. तूही ये."

"तिला काहून?"

"ती ऐकूनच न्हाई राहिली. तिची लेक पुनम पुसेगावात दिलेली आहे. नातू तिथल्याच अंगणवाडीत जातो."

दुकानाचं शटरही नीट ओढलं नाही मी. जीपमध्ये चढले तर ड्रायव्हर म्हणतो, अजून दोन शिटं येऊ द्या. मी असं काही ओरडले की जीपमधल्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी सावरली. निघाली बाबा एकदाची. वाटेत प्रत्येक थांब्यावर कुणी उतरतंय, कुणी पिशवी काढतंय, कुणाला सुट्टे पाहिजेत. मी फोन लावत होते आणि मनात एकच, पीठ झालं असेल का. दाणा होता तोवर निवडता येतो. पीठ झालं की कोणता धोत्रा आणि कोणतं सोयाबीन?

पोचले तेव्हा चक्कीसमोर शंकरसिंगांची गाडी उभी होती आणि आत भांडण जुंपलं होतं. तातेराव पिठानं पांढरेफटक, कमरेवर हात.

"ऐंशी पोती आलीत! कोणती चांगली अन् कोणती वाईट, तुमीच सांगा की. सगळी परत न्या म्हणता? अंगणवाड्यांना काय माती देऊ?"

"सहाव्या घसरगुंडीची तेवढीच," शंकरसिंग म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "किती पोती होती गं? मशीनमध्ये लिहिलं असेल ना?"

लिहिलेलं कुठून असणार? जागाच बनली नव्हती, तर तिची नोंद कशी राहील? मी मान खाली घातली. "नाही कळणार, भाऊ. मशीनला माहीतच नाही."

"तेरा," मागून आवाज आला.

सिद्धेश्वरकरीण पोत्यांच्या थप्पीशी उभी होती. पोत्यांची तोंडं चाचपून बघत होती, निवडताना सुपात बघायची तशी.

"तेरा हायेत. माझ्या नावच्या घसरगुंडीची म्या माझ्या गाठीनं शिवलीत."

तिनं एक पोतं पुढं ओढलं. गिरणीत सगळी पोती सुरगाठीनं शिवतात, टोक ओढलं की उसवतं. हिचा बाप धरणावर जाळी विणायचा. जाळ्याची गाठ आली होती हिच्या बोटात, ओढली की आणखी आवळणारी. गिरणीत कामाला लागली तेव्हा त्या गाठीवरून बोलणी खाल्ली होती, तेव्हापासून कधी मारली नव्हती. पण मंगळवारी सकाळी तिला वाटलं, आता माझ्या नावची जागा आहे, तर गाठ पण माझी असू दे. हे सगळं तिनं दोन वाक्यांत सांगितलं, तेही तातेरावांकडं न बघता.

"ह्या गाठीची पोती व्हय?" तातेराव एकदम म्हणाले. "अरे, ह्यांनी तर डोकं फिरवलं सकाळपासून! सुटूनच न्हाई राहिली. म्हणून बाजूला फेकली ती, दुपारी विळ्यानं कापू म्हटलं."

कोपऱ्यात ढीग होता. आम्ही तिघं तुटून पडलो. एक, दोन, तीन... मी मोजत होते. बारा. पुन्हा मोजली. बाराच.

"मावशी, तेराच होती ना? नक्की?"

"तेरा गाठी मारल्या म्या."

तातेरावांनी डोक्याला हात लावला. "एक कापलं व्हतं रागारागात. पयलंच. त्याचा पहिला डबा इथल्याच अंगणवाडीत गेला, तासभर झाला. बाकीचं पीठ हे काय, इथंच हाय."

आमच्या कुणाच्या ध्यानात यायच्या आत सिद्धेश्वरकरीण दाराबाहेर पडली होती. मी तिच्या मागं धावले. मी सव्वीस वर्षांची, ती साठीची, चप्पल चक्कीतच टाकलेली, आणि मला ती सापडेना! शाळा ओलांडली, हापसा ओलांडला, पुढं तिचं पाठमोरं हिरवं लुगडं आणि मागं मी धापा टाकत. देवाधर्माचं मला फारसं नाही, पण त्या रस्त्यावर मी कुणाकुणाची नावं घेतली ते मलाच ठाऊक.

अंगणवाडीच्या ओट्यावर लेकरं ताटल्या घेऊन बसली होती. ताटल्या रिकाम्या होत्या का? मला दिसेना. पडवीत चुलीवर कढई, तिथल्या सेविका शीतलताई उलथन्यानं पीठ भाजत होत्या, बाजूला गूळ किसून ठेवलेला. खमंग वास सुटला होता.

सिद्धेश्वरकरणीनं कुणाला काही विचारलं नाही. पदर दोन्ही हातांवर गुंडाळला, कढईचे कान धरले आणि भरली कढई अंगणातल्या मातीत उपडी केली.

लेकरं किंचाळली. शीतलताई उभ्या राहिल्या, उलथनं हातात तसंच. "डोकं फिरलंय का तुमचं? लेकरांचा घास मातीत घालता? कोण तुमी? कुठल्या? नाव काय तुमचं? तक्रार करते मी!"

मी फाटकातच दम खात होते. आणि मी ऐकलं.

"पार्वती," ती म्हणाली. चोरून नाही, इकडंतिकडं बघून नाही. चांगली खणखणीत. "पार्वती नाव माझं. सेनगावच्या गिरणीची. त्या पिठात इख हाय, बाई. पोतं माझ्याच हातनं गेलं."

शीतलताईंच्या हातातलं उलथनं खाली आलं. "कुणी खाल्लं न्हाई अजून," त्या हळूच म्हणाल्या. "गूळ पण टाकायचा होता." मग तिथंच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. मी पण रडले. लाज कसली त्यात?

पुढच्या रांगेतलं चार वर्षांचं एक पोरगं ताटली घेऊन उठलं आणि सिद्धेश्वरकरणीच्या लुगड्याला झोंबलं. तो रुद्र, पुनमचा. त्याला सुकडी गेल्याचं वाईट वाटलं होतंच, पण डोळे मोठे करून त्यानं विचारलं, "आजी, तुला नाव हाय?"

"हाय की रे," ती म्हणाली आणि त्याला उचलून घेतलं. तिच्या हाताला फोड आले होते, ते तिला तेव्हा कळलंसुद्धा नसावं.

बारा पोती शंकरसिंगांनी परत नेली आणि तेराव्याचं पीठ तातेरावांनी खड्ड्यात पुरलं. कापलेल्या पोत्यात तळाशी चारेक किलो सोयाबीन उरलं होतं. मी ते चक्कीच्या दारात बसून सुपात घेतलं आणि स्वतः निवडलं. धोतऱ्याच्या एकोणीस बिया. त्या एका पुडीत बांधून मी दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवल्यात. घमेंड वर यायला लागली की बघते.

दुपारी सेनगावला जाऊन प्रोग्राम दुरुस्त केला. आता प्रत्येक हाकेचं उत्तर ऐकलं जातं, सहातली एक जरी जागा बनली नाही तर मशीन चालूच होत नाही. शंकरसिंगांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं. नावांचं काय करायचं ते मात्र राहिलं होतं. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या नावापुढं दोन आकडा घालू? का सिद्धेश्वर लिहू?"

ती काही बोलायच्या आत पार्वतीबाई फणकारली. "दोन आकडा तिला काहून? मला घाल. जन्मभर मीच पार्वती म्हणून मिरवले, आता तिला नुसती पार्वती राहू दे."

तसंच केलं. मग सहाही घसरगुंड्यांत एकेकीनं आपल्या हातानं मूठभर धोत्रा टाकला. एकेक फुत्कार ऐकला. सहाव्या घसरगुंडीत हिनं मूठ सोडली, आणि फुस्स, फुस्स, फुस्स, सगळं बी उडून डब्यात पडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं नाही वाजवल्या, हाताला मलम आणि फडकं होतं.

मशीन चालू झालं. पहिलं पोतं भरलं तशी ती दाभण घेऊन बसली, सुतळी ओवली आणि माझ्याकडं बघून थांबली. मी समोर उभी आहे म्हणून तिचा हात आवरलेला होता.

"मावशी," मी म्हटलं, "आधी हात घाला. मग शिवा."